टेबलाची लाळ

चौघींनी आळीपाळीने चावलेली कैरी. आयोडीनची बाटली. निळी बोटं. "आपल्यात कसलं गं उष्टं!"

कैरी कालची, स्टार्च तपासून उरलेली; ते वाक्य ऋजुताचं. आज प्रयोगशाळेत लाळेने स्टार्च पचवायचा होता आणि चौघींच्या टेबलासाठी लाळ द्यायची पाळी प्रणालीची होती.

"राहू दे," ऋजुता म्हणाली. "आम्ही तिघी माझी घेतो. तू तुझी वेगळी कर."

"का गं?"

"किळस येते बाई दुसऱ्याच्या लाळेची."

एकट्या प्रणालीच्या नळीतला निळा रंग सहा मिनिटांत गेला. तिघींची लाळ घाईत उकळत्या पाण्यात जाऊन निकामी झाली होती; त्यांची नळी निळीच राहिली.

"तुझे आकडे दे ना," म्हणत ऋजुताने तिची वही ओढली आणि पान उलटायला बोट जिभेला लावलं.

आज सकाळीच फलकावर शिष्यवृत्तीची यादी लागली होती. तीत प्रणालीचं नाव होतं. नावांपुढे जातीचा रकाना होता.