काही निघालं नाही

“थायरॉईड नॉर्मल आहे. रक्तही ठीक आहे.” डॉक्टरांनी रिपोर्ट जयापुढं सरकवला. “काही झालेलं नाही तुम्हाला.”

“पन मला लई थकवा येतो, डॉक्टर.” जयाचा आवाज घोगरा झाला होता. “केस मुठीमुठीनं निघत्यात. समदे पंख्याखाली बसत्यात अन् मला थंडी वाजती.”

“झोप नीट घ्या. विचार कमी करा.” त्यांनी बेल दाबली. पुढचा पेशंट आत आलासुद्धा.

बाहेर येताच तिच्या नवऱ्यानं, रामहरीनं घरी फोन लावला. “आई, कायी न्हाई तिला. समदं नॉर्मल हाय.”

“मी म्हनलंच हुतं,” सासूबाईंचा आवाज जयालाही ऐकू आला. “मग या लवकर. धारा काढायच्यात.”

जया रडायला लागली. तिथंच, राहुरीच्या भर बाजारात.

रामहरी गोंधळला. “अगं, नॉर्मल आल्यावर कुनी रडतं व्हय?”

“मला वाटलं, आज तरी कायतरी निघंल.”

“आजार कुनी मागून घेतं का?”

“मग काय करू? आजार न्हाई म्हंजी मी आळशी. आई म्हनत्यात, शेजारपाजार म्हनतो. आता डॉक्टरबी म्हनला.” तिनं पदरानं नाक पुसलं. “परवा धार काढता काढता डोळा लागला माझा. गाईच्या पायाशीच पडले. तिनं लाथ मारली असती तर?”

रामहरीनं खिशातून गाडीची किल्ली काढली. परवा बादली लवंडली म्हणून तो तिला सगळ्यांदेखत बोलला होता. ती तेव्हा काहीच म्हणाली नव्हती.

त्यानं मोटरसायकल काढली. गाडी गावाकडं न वळता नगरच्या रस्त्याला लागली.

“इकडं कुठं?”

“दुसऱ्या डॉक्टरला दाखवू.”

“अन् धारा?”

“काढंल आई.”

जरा वेळानं तिनं विचारलं, “तितंबी नॉर्मल आलं तर?”

त्यानं गाडीचा वेग कमी केला. तेवढ्यात तिचं डोकं त्याच्या पाठीवर टेकलं. मग तिचा डोळा लागला आणि कमरेभोवतीचे हात सैल पडले.

त्यानं एका हातानं ते पटकन धरले आणि गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. दोन्ही पाय जमिनीला टेकून तो तसाच बसून राहिला. शेजारून ट्रक धूळ उडवत जात होते. खिशात फोन वाजायला लागला, थांबला, पुन्हा वाजायला लागला.

रामहरी हलला नाही.