दोन ओ

दौंडहून शिरूरला डोळे दाखवायला निघालेल्या जैतूनदादीनं वडगाव रासाईत एकाएकी गाडी थांबवायला लावली. "प्यास लगी," म्हणाली आणि उतरून चालू लागली. नात रुबीना मागे धावली. आपलं माहेर सोलापूरचं, अब्बांच्या रेल्वेतल्या नोकरीपायी दौंडला आलो, भीमेचा हा काठ कधी पाहिलाही नाही, असं दादी जन्मभर सांगत आलेली. आता मोतीबिंदूच्या डोळ्यांनी ती एकही वळण न चुकता एका पत्र्याच्या घरात शिरली.

ओट्यावर ज्वारी पाखडणारी बाई चक्रावली. "कोण गं ह्या?"

"माझी दादी. जैतून. माहेरची मुलाणी."

बाईचं सूप हातातच थांबलं. "पोरी, हे घर आमच्या सासऱ्यांनी मुलाण्यांकडनंच घेतलं. त्यांची जैतून नदीत बुडाली, तवा त्यांनी गाव सोडलं."

"दुसरी कुणी असेल, मावशी."

"असंल. पर आतल्या खोलीत आम्ही कवाच निजत न्हाई."

आत दादी हळू आवाजात बोलत होती. बोलता बोलता थांबायची, ऐकायची, मग हसायची.

"आत कोण आहे?"

"कुणी न्हाई," बाई म्हणाली.

रुबीनाला काही उमजेना. बुडाली ती कोण, आणि आपल्याला मांडीवर खेळवलं ती कोण? उंबऱ्यातूनच तिनं हाक मारली, "दादी!"

"आयी, रुबीना."

खोलीच्या दोन कोपऱ्यांतून, एकाच वेळी, दादीच्याच आवाजात दोन ओ आल्या.