झिपरीची पहिली स्वारी

अरबी घोडीला शिंगरू झालं, तेव्हा त्याला पुसून कोरडं केलं ते घोडेवाल्याच्या मुलीनं. विस्कटलेली आयाळ बघून ‘झिपरी’ हे नावही तिनंच ठेवलं. पुढं तोंडात लगाम, पाठीवर खोगीर, सगळं तिनंच शिकवलं. कायम झिपरीच्या डोक्याशी उभं राहून, गप्पा मारत, लाडीगोडी लावत.

झिपरी चार वर्षांची झाली आणि स्वारीचा दिवस उजाडला. बाबा रिंगणाच्या कुंपणाशी येऊन उभे राहिले. मुलगी श्वास रोखून, तोंडातून चकार शब्द न काढता, अलगद पाठीवर बसली.

झिपरी जागच्या जागी थरथरली. उजवीकडे वळली, डावीकडे वळली, मग मान उंच करून जिवाच्या आकांतानं खिंकाळली.

मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. "बाबा, ही पाडणार मला," ती कशीबशी पुटपुटली.

बाबांना हसू आवरेना. "अगं वेडे, ती तुला शोधतेय! इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतीस, आज एकाएकी गेलीस कुठं? हाक मार तिला!"

"झिपरे, अगं मी इथं आहे, वर!"

झिपरीचे कान झटकन मागं वळले. तिनं मान वळवून मुलीच्या बुटाचा वास घेतला, नाकातून फुर्रकन श्वास सोडला आणि शेपटी उभारून ऐटीत चालू लागली. मग काय, मुलीनं गावभरच्या गप्पा सुरू केल्या आणि झिपरीनं रिंगणाचे फेरे.