माल कुठला?

धरमपेठेतल्या कृष्णकांतांना कुठलीही वस्तू पालथी करून पाहिल्याशिवाय चैन पडत नसे. मुलगा ऋषी कॅनडाहून आला आणि त्यानं बॅग उघडली, की यांचा चष्मा नाकावर चढलाच.

गेल्या दिवाळीत त्यानं आईसाठी हळदीच्या दुधाच्या पावडरीचा महागडा डबा आणला. कृष्णकांतांनी तो उलटा धरला, बुडावरची बारीक अक्षरं वाचली आणि खो खो हसत सुटले.

"यमू, हे बघ! 'मेड इन' नाही, 'पॅक्ड इन कॅनडा' लिहिलंय. हळद का तिकडे पिकून राहिली? लेबलवर जाऊ नये माणसानं. पॅकिंग तिकडचं, माल आपलाच!"

"बाप्पा! लेकरानं इतक्या प्रेमानं आणलं, अन् तुम्ही डब्याचं बूड बघून राहिले," यमुताई करवादल्या. ऋषी नुसता हसला.

या मंगळवारी कृष्णकांत नागपूर विमानतळाच्या कार्गो गेटवर उभे होते. समोरच्या लांबट लाकडी पेटीवर लेबल चिकटवलेलं होतं. वर ऋषीचं नाव, त्याखाली वजन, आणि सगळ्यात खाली 'ओरिजिन: टोरांटो'.

"काका, लेबल नीट वाचून घ्या. बरोबर असलं तर इथं सही करा," खिडकीतला कारकून हळूच म्हणाला.

कृष्णकांतांनी चष्मा पुसला. सवयीनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग पेटीवर हात ठेवला.



"लेबलवर जाऊ नका, साहेब. पॅकिंग तिकडचं आहे... माल आपलाच."