तीन देशांचं मरण

लंडनच्या स्टुडिओत भयपटातल्या पिशाच्चाच्या हातून मरायची नटी मॅव्हिसची ही अकरावी खेप. या सिनेमात तुला एक वाक्य नक्की देतो, असं दिग्दर्शकाने कबूल केलं होतं.

गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या गाउनमध्ये ती किंचाळली आणि मेली.

"शाब्बास, पोरी! हा शॉट झाला आपल्या इथल्या सेन्सॉरसाठी. आता तीन बटणं काढ, फ्रान्सला जाणाऱ्या प्रतीसाठी."

ती पुन्हा मेली.

"आणखी दोन काढ. जपानसाठी."

कुडकुडत ती तिसऱ्यांदा मेली. पिशाच्चाच्या कोटाचं एकही बटण मात्र कुठल्याच देशाने मागितलं नाही.

"झालं, सुटलीस!" दिग्दर्शक म्हणाला.

मॅव्हिसने शाल लपेटली. "साहेब, बटणं संपली म्हणून विचारते. माझं ते वाक्य कुठल्या देशासाठी घेणार?"