मसुराएवढा तुकडा

"निळ्या दिव्यात शेवटी काय दिसलं? खरं सांगा." मर्नाने मेंदूच्या सर्जन हॅलोरनबाईंना पप्पांच्या खोलीबाहेरच अडवलं.

"कॅन्सरचा मसुराएवढा तुकडा अजून गुलाबी चमकत होता."

"आणि तसंच डोकं शिवलंत? मग पप्पांना कॅन्सर चमकवणारा तो रंग पाजलात कशाला, शोभेला? बर्फातून सहा तास गाडी हाणत आले, ते हे ऐकायला?"

"ऑपरेशन चालू असताना त्यांना मुद्दाम जागं ठेवलं होतं. त्या तुकड्याला नुसता हलका करंट लावला, की त्यांची वाचा जायची. तुमचा फोटो दाखवला, तर नाव सांगता येईना."

"बहाणे पुरे! कोर्टात खेचते तुम्हाला!"

रंग अंगात असेपर्यंत उजेड नको, म्हणून पडदे ओढलेल्या खोलीतून कुणीतरी खेकसलं, "मर्ना! मेलो नाहीये मी अजून. आवाज खाली कर."