काशीरामचं गाऱ्हाणं

काशीराम नारळ धरून देवासमोर उभा होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. मागे अख्खं गाव ताटकळलेलं. दसऱ्याचं गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. तो देवाला मागणं सांगायचा, गाव 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचं. गावाचं सगळं मागून झालं होतं. उरलं होतं घरचं. गेली पाच वर्षं ते एकच होतं: सुनेची कूस उजव. आणि सून उर्वी बायकांच्या घोळक्यात बसून ते निमूट ऐकायची.

काल रत्नागिरीत डॉक्टरबाईंनी रिपोर्ट समजावून सांगितले. उर्वीत काहीच दोष नव्हता. काशीरामच्या मुलाचे, विनीतचे, शुक्रजंतू फार कमी होते. बापाकडून मुलाला येणाऱ्या वाय गुणसूत्राचा एक तुकडाच त्याच्यात नव्हता. म्हणून काशीरामचंही रक्त तपासलं होतं. तोच तुकडा त्याच्यातही नव्हता.

"तरी तुम्ही बाप झालातच ना काका, लग्नानंतर अकरा वर्षांनी का होईना," बाई म्हणाल्या. "टेस्ट ट्यूबची ट्रीटमेंट करू. मला चांगली आशा आहे. फक्त मुलगा झाला, तर हे त्याच्यातही उतरणार."

परतताना विनीत एसटीत एवढंच बोलला, "बाबा, देवळात ह्यातलं काय काढू नका." काशीरामलाही ते पटलं होतं. लाज काय त्याला नव्हती?

आता त्याने मागे वळून विनीतकडे बघितलं. विनीतने बराच वेळ नजर चुकवली. मग हळूच होकाराची मान हलवली.

"बा केदारलिंगा म्हाराजा," काशीरामने नारळ वर धरला, "माज्या सुनंत काय खोट नाय. खोट माज्या रक्तातली हाय, ती माज्या ल्योकात उतरली. आमी पाच वर्सं तिच्या नावानं गाऱ्हाणं घातलं, ती चूक पदरात घे. डाक्तरनीच्या हाताला यश दे. लेक दे नायतर ल्योक दे, कसं पण दे, ते आमचंच हाय."

एक म्हातारा खाकरला. मग सगळं गाव एकदम म्हणालं, "व्हय म्हाराजा."

काशीरामची बायको सावित्री उठली. तिने उर्वीचा हात धरला आणि तिला पार गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत नेलं.

"वर बघ गो," ती म्हणाली. "तुज्या आजेसासऱ्यानं माज्या नावानं अकरा वर्सं हितं गाऱ्हाणं घातलान, नि मी मान खालीच ठेवली. देव दिसतो कसा, ते मीबी आज पयल्यांदाच बघत्ये."